‘भाबडेपणा’बद्दल थोडंसं

औषधामुळे मेंदूच्या स्कॅनवर आलेले डाग औषध थांबवल्यावर जातात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला.

आधी माझी चूक. डेंटेट न्यूक्लियस हा चेतापेशींचा पुंजका मेंदूच्या खोडात नसतो, लहान मेंदूत असतो. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण "स्कॅनवरचा डाग गेला म्हणजे माणूस बरा झाला, हा निव्वळ भाबडेपणा" हे काय? मतभेद असू द्या हो, पण भाबडा कुणाला म्हणताय? यकृतातल्या गळवासाठी माझ्या वडिलांना मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध 2 महिने चालू होतं. एके सकाळी त्यांची जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला. घरात सगळ्यांनी पक्षाघातच धरला. एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या दोन्ही बाजूंना, आरशात पाहावं तसे हुबेहूब पांढरे डाग. पक्षाघात सहसा असा मोजूनमापून दोन्हीकडे येत नाही, हे रेडिओलॉजिस्टनी सांगितलं. माझ्या मनचं नाही. डॉक्टरांनी औषध थांबवलं. आठवडाभरात शब्द सुटे येऊ लागले, दीड महिन्यानंतरच्या स्कॅनमध्ये डाग नव्हते. दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावून मी शेजारी शेजारी पाहिल्यात. तुम्ही पाहिल्यात कुणाच्या?

आणि डाग जातो तो काही अंगाऱ्याने नाही. तिथल्या पेशी बहुतेकदा मेलेल्या नसतात, सूज असते, पाणी साचलेलं असतं. कारण दूर झालं की ते ओसरतं. हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

"प्रेसच्या नावात 1996 पासून रिव्हर्सिबल आहे, तरी काहींना कायमची इजा होतेच" हा तुमचा दुसरा मुद्दा (प्रेस म्हणजे PRES, रक्तदाब फार वाढल्याने किंवा काही औषधांमुळे मेंदूला येणारी सूज; रिव्हर्सिबल म्हणजे उलटू शकणारी). असेल. ज्यांनी प्रेस होऊ शकतो ती टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिन ही अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधं हा माझा विषयच नव्हता. "एका घरचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे" यावर तर बोलतच नाही. ज्याच्या घरी घडतं त्याला विचारा.

राहता राहिलं "वडील आता पूर्ण बरे आहेत का?" हे तुमचं खोचक शेवटचं वाक्य. बोलतात, जिना चढतात, माझ्याशी भांडतात. पायांना अजून मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात म्हणून उठून बसतात. पण तो त्याच औषधाचा पायांच्या नसांवर झालेला परिणाम आहे, मेंदूवरचा नव्हे, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये तो दिसत नाही. म्हणून लेखात घेतला नव्हता.