जुन्या फियाटच्या इंजिनातील गाळाविषयी आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या गॅरेजला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. आपल्या १९६७ सालच्या फियाट ११०० चे ऑईल बदलून इंजिन फ्लश करण्याचे, म्हणजे आतून धुण्याचे, साधे काम आम्ही दहा-बारा दिवस लांबवले, बिल अपेक्षेच्या कितीतरी पट झाले, गाडी घरी नेल्यावर इंजिनाखाली ऑईलचे थेंब पडू लागले आणि नवे ऑईल आठवड्याभरातच काळे झाले, अशा आपल्या तक्रारी आहेत. हेच काम दुसरीकडे डिझेल घालून दोन तासांत करून देतात, असेही आपण शेवटी लिहिले आहे. मी त्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिथेच आहेत.

इंजिनात डिझेल किंवा रॉकेल घालून ते काही मिनिटे चालवायचे आणि मग चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑईलच्या भांड्याचा) नट काढून सगळे सोडून द्यायचे, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ज्या इंजिनाचे ऑईल वेळच्या वेळी बदललेले असते, त्यात याने लगेच काही बिघडलेले दिसत नाही. आपल्या गाडीची स्थिती तशी नव्हती. नट काढल्यावर ऑईल आलेच नाही, तार घालून भोक मोकळे करावे लागले. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडले तेव्हा रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांच्या) दांड्यावर आणि हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, कोपऱ्यांत डांबरासारखा काळा थर साचलेला होता, त्याचे फोटो आम्ही त्याच दिवशी आपल्याला पाठवले होते. अशा इंजिनात डिझेल घालून ते चालवले तर हा थर पुरता विरघळत नाही, त्याचे तुकडे सुटतात, आणि ते खाली जाऊन ऑईल पंपाच्या जाळीवर बसतात. जाळी बुजली की पंप फिरत राहतो पण वर ऑईल पोहोचत नाही; त्यातच उरलेले ऑईल डिझेलने पातळ झालेले असते, त्यामुळे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामध्ये जो ऑईलचा पडदा असायला हवा तो टिकत नाही आणि धातूवर धातू घासू लागतो. चेंबर उतरवल्यावर आपल्या गाडीची जाळी निम्म्याहून अधिक बंद असल्याचे आम्हाला दिसले. त्या अवस्थेत दोन तासांचे फ्लशिंग केले असते तर पुढची पायरी क्रँक ग्राइंडिंगची, म्हणजे झिजलेला क्रँक यंत्रावर घासून घेण्याची, ठरण्याची दाट शक्यता होती. म्हणूनच मी ते काम त्या पद्धतीने केले नाही, आणि कोणत्याही ग्राहकाने आग्रह धरला तरी करणार नाही.

हा गाळ कशामुळे झाला, हे आपण विचारले नव्हते, पण ते सांगणे मला आवश्यक वाटते. आपण गाडी दर रविवारी पाच-दहा मिनिटे जागेवरच सुरू करून बंद करता, असे आपल्या बोलण्यात आले होते. यामागे गाडीबद्दलची माया आहे, हे मी जाणतो. परंतु पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते, त्यातली काही पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली उतरते आणि इंजिन थंड असेल तर चेंबरातच पाणी होऊन साचते. गाडी रस्त्यावर चांगली गरम झाली तरच ते पाणी पुन्हा वाफ होऊन ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर जाते. जागेवरच्या पाच मिनिटांत तसे होत नाही. पाणी, काजळी, न जळलेले पेट्रोल आणि जुने ऑईल एकत्र घोटले जाऊन त्याचा गाळ बनतो. शिवाय आपल्या देशात २००० सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते. त्या काळात चाललेल्या आणि नंतर कधी न उघडलेल्या इंजिनाच्या तळाशी शिशाचे क्षारही असू शकतात, म्हणून आमची मुले हा गाळ हातमोजे घालूनच काढतात, आणि तो गटारात न सोडता वापरलेल्या ऑईलबरोबर अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे दिला जातो.

वेळ कुठे गेला, तेही सांगतो. चेंबर, जाळी आणि पंप उतरवून धुतले. रॉकरचा पोकळ दांडा सोडवून त्याची ऑईलची भोके एकेक करून मोकळी केली. हेड अॅल्युमिनियमचे आहे आणि कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो, त्यामुळे तिथे झटपट मार्ग नव्हता. लाकडी पट्टी, ब्रश आणि रॉकेल यांनी थर हातानेच काढावा लागला. कॉर्कचे पॅकिंग मापाप्रमाणे कापून घेतले. क्रँक मात्र मी बाहेर काढला नाही. त्याच्या आतल्या वाटांमध्येही गाळ बसतो, हे खरे आहे, पण सफाईनंतर गेज लावून पाहिले तेव्हा गरम इंजिनातही ऑईलचा दाब व्यवस्थित होता, आणि इतकी वर्षे एकमेकांना बसलेली बेअरिंगे गरज नसताना उघडू नयेत, असे माझे ठाम मत आहे. बिल प्रामुख्याने या मजुरीचे आहे. चेंबर उतरवण्यापूर्वी फोनवर अंदाज सांगून आपला होकार घेतला होता आणि अंतिम रक्कम त्या अंदाजातच आहे.

गळतीची आपली तक्रार मी गंभीरपणे घेतो. तिची दोन कारणे संभवतात. नवे कॉर्क पॅकिंग पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत दबते आणि बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. यासाठीच ३०० ते ४०० किलोमीटरनंतर गाडी आणावी, असे बिलावर लिहिले आहे. हे कारण असेल तर आम्ही ते काम विनामूल्य करू. दुसरे कारण असे, की झिजलेल्या सीलच्या फटी वर्षानुवर्षे गाळानेच बुजलेल्या असतात आणि गाळ निघाला की त्या उघड्या पडतात. गळती क्रँकच्या मागच्या बाजूने असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तो खर्च वेगळा असेल आणि आपल्या संमतीशिवाय आम्ही त्याला हात लावणार नाही.

ऑईल काळे झाले याची कृपया काळजी करू नये. आम्ही घातलेले २० डब्ल्यू ५० (ही ऑईलच्या घट्टपणाची श्रेणी) खनिज ऑईल आत उरलेली काजळी स्वतःमध्ये धरून ठेवते, ती पुन्हा तळाशी बसू देत नाही, आणि म्हणूनच ते काळे दिसते. त्यासाठीच पहिला बदल लवकर ठेवला आहे.

आपल्याला गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची आहे, हे मला आठवते. २०२१ साली आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ती मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. मूळ इंजिन शाबूत राहणे त्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

कृपया शनिवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी गाडी चालवत आणावी, म्हणजे इंजिन गरम असतानाच गळतीची जागा आपल्यासमोर पाहता येईल. निघण्यापूर्वी डिपस्टिकवर ऑईलची पातळी तपासावी, आणि ती खालच्या खुणेच्या खाली गेली असेल तर गाडी सुरू न करता फोन करावा; आमचा माणूस ऑईल घेऊन येईल.

आपला नम्र,
गॅरेजचालक