बिनचहाचे चाळीस दिवस

यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, मी चहा सोडला. नुसता सोडला नाही, संध्याकाळच्या उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर उभं राहून जाहीर केला. उपवासकाळात कोणी साखर सोडतं, कोणी मटण. तरुण संघातल्या एका पोराने इन्स्टाग्राम सोडलं. पण मी पडलो दिवसाला सहा कप पिणारा, तेव्हा त्याग शोभेलसा हवा.

घरी येऊन वहीत ४६ चौकोन आखले. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या शनिवारपर्यंत तेवढे दिवस भरतात.

‘‘चाळीस आखा,’’ सौ. म्हणाली. ‘‘मधले सहा रविवार धरत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी कसला उपास?’’

‘‘मी सवलती घेणाऱ्यांतला नाही,’’ मी म्हणालो.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. तिच्या या ‘बरं’ला मी तीस वर्षं घाबरत आलोय.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. उपास करताना तोंड उतरवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं येशूने सांगून ठेवलंय. तेल लावलं, तोंडही दोनदा धुतलं. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखाच राहिला. दुधवाल्याशी भांडलो. कॉयरच्या सरावाला तबलजीवर असा खेकसलो, की बिचारा केरवा ताल सोडून दादऱ्यात गेला. वहीत मात्र फुल्या पडत होत्या, आणि रोज रात्री त्या मोजताना मला फार पवित्र वाटायचं.

खरी पंचाईत लोकांच्या घरी व्हायची. आमच्या नगरकडे (पाटीवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं) पाहुण्याला ‘नको’ म्हणण्याची मुभाच नाही. ‘नको’ म्हटलं की ‘अर्धा तरी घ्या’, अर्धा नको म्हटलं की ‘मग कॉफी टाकते’, आणि कॉफीही नको म्हटलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात: आपलं काही चुकलं का?

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सेक्रेटरींकडे हेच झालं. मी म्हणालो, ‘‘तत्त्व म्हणजे तत्त्व.’’ कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्यांचे वडील बोलले, ‘‘१९७० साली, २९ नोव्हेंबरला, नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या आणि सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उभी राहिली. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणारे होते, मोठं झाल्यावर पाण्यात बुडवणारे होते. दोन्ही रीती चालतील, असं ठरवूनच सगळे एका छपराखाली आले. आणि तुम्हाला अर्धा कप जमंना?’’

मला उत्तर सुचलं नाही. बिनचहाचं सुचत नाहीच. पण फुली मी वाचवली.

सतराव्या दिवशी, शुक्रवारी, पाळकसाहेबांबरोबर घरभेटींना निघालो. शेवटचं घर एका आजींचं. मिशन हॉस्पिटलात उभा जन्म नर्स म्हणून गेलेला, आता एकट्या राहतात, कानाने अधू. आम्ही दारात दिसताच ‘सलाम, सलाम’ करत त्या आत गेल्या. मी बसल्या जागेवरून बघत होतो. पिशवीत उरलेलं सगळं दूध त्यांनी पातेल्यात ओतलं, वर पिशवी पिळली. आलं ठेचलं. थरथरत्या हातांनी ट्रे आणला, अर्धा चहा बशीत.

मी घसा खाकरला. ‘‘आजी, मी सोडलीय.’’ (सवय ही बाईच ना, म्हणून ‘सोडलीय’ निघून गेलं. त्याने घात केला.)

आजींनी ट्रे ठेवला आणि माझ्या तांबारलेल्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

‘‘कधी?’’

‘‘सतरा दिवस झाले.’’

‘‘डोकं दुखतं? चिडचिड होते?’’

‘‘फार.’’

‘‘होणारच. वॉर्डात किती बघितलेत मी.’’ त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘बाळा, बरं केलंस. दारूपायी घरं बसतात रे.’’

‘‘अहो आजी, दारू नाही, चहा! चहा!’’

‘‘हो हो, देते ना. सुरुवातीला चहाच लागतो.’’ आणि कप त्यांनी माझ्या हातातच दिला.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेरचा पेरू न्याहाळत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. मी चहा प्यायलो. बशीतलासुद्धा. खोटं कशाला सांगू, असा चहा मी जन्मात प्यायलो नाही.

परतताना पाळकसाहेबांपाशी कबुली दिली: चौकोन गेला. ते म्हणाले, ‘‘चौथ्या शतकाच्या शेवटी जॉन कॅशियन इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी बघत हिंडत होता. पाहुणे आले म्हणून एका वृद्ध साधूने आपला उपास मोडला. कॅशियनने कारण विचारलं. साधू म्हणाला, उपास कायम माझ्यापाशीच असतो, तुम्ही थोडेच राहणार आहात?’’ पुढे म्हणाले, ‘‘आणि प्रभूने शिष्यांना पाठवताना काय सांगितलं? कोणत्याही नगरात गेलात, त्यांनी तुम्हाला घरात घेतलं, तर पुढ्यात वाढतील ते खा.’’

‘‘ते खाण्याबद्दल आहे.’’

‘‘कोणत्याही नगरात म्हटलंय. त्यात आपलं नगर आलंच.’’

घरी वही उघडली. सतराव्या चौकोनात फुली मारवेना आणि तो रिकामाही ठेववेना. शेवटी बारीक कपबशी काढली. सौ.ने ती पाहिली आणि म्हणाली, ‘‘बरं.’’

रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे प्रभूने काय केलं ते उठून सांगायची, वेळ आली. काठी टेकत आजी उठल्या. बऱ्याच महिन्यांनी त्या चर्चला आल्या होत्या. ‘‘आपल्यातल्या एका भावाला प्रभूने दारूच्या बंधनातून सोडवलं,’’ त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘‘म्हणून मी उपकार मानते.’’ नाव घेतलं नाही. नुसतं माझ्याकडे बोट केलं.

अख्खं चर्च वळलं. सौ.ने तोंड गीतांच्या पुस्तकात खुपसलं. मी खुलासा करायला अर्धा उठलो, तर आजींचे डोळे भरून आलेले दिसले. मग त्या अर्ध्या उठलेल्या अवस्थेतच मी म्हणालो, ‘‘आमेन.’’

बाहेर तबलजीने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, ‘‘दादा, मला काय माहीत, तुम्ही कशातून जाताय.’’ सेक्रेटरींनी पाठ थोपटली. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आजी आल्या, महिला मंडळाच्या टेबलावरचा वाफाळता कप घेऊन.

‘‘घे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बघ, डोळे कसे निवळलेत.’’