लेकरू अंगठा चोखते? बारशाला घेऊन जा

घरी तीन-साडेतीन वर्षांचं लेकरू आहे, झोप आली की अंगठा तोंडात जाते आणि तुम्हाला टेन्शन येते? मग डॉक्टर-फिक्टर सोडा. मागच्या रविवारी नंदनवनला आमच्या नात्यात बारसं होतं, तिथल्या तज्ज्ञ मंडळींकडून जे शिकले ते फुकटात सांगून राहिले, घ्या.

पहिले चारचौघांत लाज काढा. "अवो, शाळेत जाते नं ही? अन् अजून अंगठा?" मग सगळ्यांनी खदाखदा हसायचं. लेकरू पलंगामागं जाऊन दुप्पट जोरानं चोखते, ते जाऊ द्या.

शेजारच्या पोट्टीचं उदाहरण द्या.

दात पुढे आले तर लग्न कसं होईल, हेही आजच ठरवून टाका. दुधाचे दात पडायचे आहेत अजून, पण स्थळं पाहायला काय हरकत आहे?

सवयीवर प्रवचन मात्र काकाजींकडूनच ऐकवा. आमचे काकाजी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी घोटत घोटत सांगत होते, "सवय लहानपणीच मोडा लागते, मंग सुटत नाही." अनुभवी माणूस.

आता रामबाण. पूर्वी लोक कडुनिंब लावत, कोरफड लावत. पण आपण नागपूरवाले, आपल्या जिल्ह्यात जीआय टॅगवाली भिवापुरी मिरची पिकते, मग कडू कशाला? मी पाळण्यापाशी होते, आत्याबाईंनी माझ्या पोरीला गोडीगुलाबीनं स्वयंपाकघरात नेलं आणि तिचा ओला अंगठा तिखटाच्या डब्यात बुचकळला. आता गंमत अशी की झोपेला आलेलं लेकरू अंगठा चोखायच्या आधी डोळे चोळते, हे कोणत्याही आईला माहीत असते, आत्याबाईंनीही तीन पोरं वाढवली आहेत. जी किंकाळी ऐकू आली ना, मी पाळण्याची दोरी सोडून धावले, नळ सोडला तर भर मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीचं पाणी, चहा होईल असं, मग कोणीतरी माठ आणला आणि गडव्यानं डोळ्यांवर पाणी ओतत बसलो, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळतही नाही नीट, पंधरा-वीस मिनिटं ओतत होतो, नवा फ्रॉक ओलाचिंब, एक डोळा टम्म सुजलेला, आणि मागून आवाज, "पाहा, आता कधी घालणार नाही."

दहा मिनिटांनी रडून रडून थकली आणि माझ्या खांद्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात घालून झोपली. तोपर्यंत फक्त उजवाच चोखत होती.

बस झालं. आता सरळ बोलते. अंगठा चोखणं काही बिघडलेल्या पोराचं लक्षण नाही, लेकरं पोटात असतानाच चोखतात, सोनोग्राफीत दिसते. बहुतेकांचं दोन ते चार वर्षांत आपोआप सुटते. चारच्या पुढेही सुरूच असेल, सहाच्या आसपास पक्के दात यायला लागले तरी थांबत नसेल, तर समोरचे दात पुढे येतात, वरच्या-खालच्या दातांत फट राहते, तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे जायचं असते, ते करतात काय करायचं ते. तोपर्यंत आम्ही फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं. अंगठ्याशिवाय झोपली की सकाळी तिनं स्वतः चांदणी चिकटवायची. झोपताना हातात कापडी ससा. दिवसा बोअर झाली की कणकेचा गोळा. सलग अकरा चांदण्या झाल्या होत्या हो! अकरा! रविवारपासून एकही नाही, रात्री हात पाहिला तरी रडते, "आजी तिखट लावते का?" विचारते.

मला उद्धट म्हणायचं तर म्हणा. काकाजी, चाळीस वर्षांत तुमचा खर्रा सुटला नाही, कोणी तुमच्या डोळ्यात तिखट टाकलं का? आणि आत्याबाई, तुमच्या काळात असंच करत असतील, करत असाल. माझ्या पोरीच्या हाताला हात लावायचा नाही. मला विचारूनही नाही.