शिवाजीराव होळकरांच्या काळातल्या काकू

इंदूरच्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाची सभासद-यादी इतकी वर्षं लाल कापडी बांधणीच्या वहीत सुखाने नांदत होती. यंदा अध्यक्षांच्या मनात आलं, सगळं एक्सेलमध्ये घ्यायचं. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसलेला दिसतो, एवढ्या पात्रतेवर ते काम माझ्या गळ्यात पडलं.

वहीतली कोरी जागा कोणाला काही विचारत नाही. एक्सेलमधली विचारते. गणेशोत्सवात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता, म्हणून जन्मतारखेवरून वय काढणारं सूत्र लावलं आणि यादी वयाच्या उतरत्या क्रमाने लावून घेतली. सगळ्यात वर एक काकू, वय सव्वाशे उलटलेलं. त्यांच्याखाली आणखी पाच-सहा काकू, बरोब्बर त्याच वयाच्या. काका एकही नाही. जन्मतारखेचा रकाना कोरा ठेवणाऱ्या त्या ह्याच. कोरी जागा म्हणजे शून्य आणि शून्य म्हणजे १९०० सालच्या जानेवारीची शून्य तारीख, असं एक्सेलचं पंचांग. वय लपवायला गेल्या आणि थेट इंदूरच्या शिवाजीराव होळकर महाराजांच्या कारकिर्दीत जन्मल्या!

(ह्या पंचांगात १९०० हे लीप वर्षही आहे. प्रत्यक्षात ते नव्हतं. पण एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ ह्या तशाच हिशेबी प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि तिथल्या फायली इथे चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जशीच्या तशी ठेवून घेतली. घराण्याची रीत, दुसरं काय.)

उलट जयंत्यांच्या यादीत अहिल्यादेवींची ३१ मे १७२५ टाकली, तर ही तारीख आहे हेच त्याला मान्य नाही. त्याच्या लेखी १९०० च्या आधी कोणी जन्मलंच नाही. इंदुरात हे मोठ्याने बोलायची सोय नाही.

वर्गणीची तऱ्हा आणखी वेगळी. खजिनदारकाकांची हयात बँकेत गेलेली. रकमेपुढे '/-' मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, न जाणो मागाहून कोणी आकडा वाढवला तर! '५०१/-' असंच त्यांनी रकान्यातही टाइप केलं. एक्सेलसाठी ती रक्कम नव्हे, मजकूर. बेरजेचं सूत्र असल्या रकमा चूपचाप गाळतं. ओरड नाही, खूण नाही. बेरीज दिसते छान, फक्त पैसे कमी. निरखून पाहिलं तर कळतं: खरे आकडे रकान्याच्या उजव्या कडेला असतात, हे '/-'वाले डावीकडे.

ज्यांनी वर्गणी दिलीच नाही त्यांच्यापुढे काय लिहायचं, ह्यावर पोहे गार होईस्तोवर चर्चा झाली. शून्य लिहिलं तर माणूस सरासरीत धरला जातो आणि सरासरी घसरते. कोरं सोडलं तर माणूस हिशेबातूनच उठतो आणि मंडळ एकदम दानशूर दिसायला लागतं. अध्यक्षांचा कल अर्थातच कोऱ्याकडे.

"शून्य कसं लिहू?" खजिनदारकाका म्हणाले. "देतो म्हणालेत ते. मागच्या वर्षीही म्हणाले होते."

मग रकान्यात 'देतो म्हणाले' असंच आलं, आणि जिथे जिथे रकाने अधिकच्या चिन्हाने जोडले होते तिथे खालपर्यंत #व्हॅल्यू! ची रांग लागली. पुण्याहून आलेल्या भाच्याने इफएरर सुचवलं: चूक आली की तिच्या जागी कोरं दाखवायचं. चूक राहते तिथेच, फक्त दिसत नाही. मला ते पटेना. खजिनदारकाका मात्र खूश. "झाकली मूठ सव्वा लाखाची!"

यादीतल्या सगळ्यात वरच्या काकूंना मी फोनच लावला.

"काकू, तुमची जन्मतारीख हवी होती."

"घे की लिहून. बारा मार्च."

"आणि साल?"

"साल कशाला? वाढदिवस दर वर्षी येतोच."

मी बारा मार्च लिहिलं. साल नसलं की एक्सेल चालू साल धरतो. वय आलं शून्य. काकू सत्काराच्या यादीतून उडाल्या आणि बालगोपाळांच्या वेशभूषा स्पर्धेत, पाच वर्षांखालील गटात, पहिल्या नंबरवर जाऊन बसल्या. तसं त्यांना कळवलं, तर म्हणाल्या, "किती वाजता यायचंय?"