फक्त फोटो तर दाखवायचेत!

नात्यातल्या माणसाची वेबसाइट सांभाळण्यापेक्षा नात्यातल्या माणसाचं लग्न जमवणं सोपं. लग्नात निदान जेवण मिळतं.

नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या मामांचं मंगल कार्यालय आहे. त्याची वेबसाइट मामेभावाने, म्हणजे बंटीने बांधली. बंटी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे साधी गोष्ट त्याला अपमानास्पद वाटते. चार पानं आणि एक फोन नंबर यांत काम भागलं असतं, तिथे त्याने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत असिंक्रोनस सर्व्हर लिहिला. "दादा, एकाच वेळी दहा हजार लोक आले तरी हलणार नाही!" हा दहा हजारांचा आकडा काही बंटीचा नव्हे. एका यंत्राने दहा हजार ग्राहक एकदम कसे सांभाळायचे, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्येच मांडून ठेवलाय. मामांच्या हॉलची झेप जेवणाच्या आठशे पानांची. पण आकडा त्यांना आवडला. २०२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर आणून त्यांनी मान डोलावली.

दहा हजारांची वाट बघावी लागली नाही. तुळशीचं लग्न लागलं, दहा-बारा वधूपित्यांनी एकाच संध्याकाळी साइट उघडली आणि ती बसली. मामांचा फोन आला, "अरे, तारीख बघायला गेलं की नुसतं गोल गोल फिरतंय. लोकांना वाटतं, आपल्या तारखा संपल्या. काहींना वाटतं, आपणच संपलो."

तारखांच्या कोडला हात लावायची गरजच नव्हती. गोंधळ गॅलरीत होता. फोटोग्राफरने दिलेला एकेक फोटो १८ एमबीचा आणि मामांचा हुकूम, ओरिजिनलच टाकायचा. झुंबराचा एकेक लोलक दिसला पाहिजे. "त्यात काय एवढं? फक्त फोटो तर दाखवायचेत!"

असिंक्रोनस म्हणजे काय, हे समजावण्यासाठी मी मामांना रामकुंडाची आठवण करून दिली. पितृपक्षात तिथले गुरुजी बघा. गुरुजी एक, समोर यजमान पाच. पहिल्याला "पिंड करा" म्हणायचं. तो पीठ मळतोय तोवर दुसऱ्याचं गोत्र विचारायचं, तिसऱ्याला "अपसव्य करा", चौथ्याला "तीन वेळा पाणी सोडा", की परत पहिल्याकडे. वेळ खाणारं काम यजमान करतात, गुरुजी फक्त पुढचं वाक्य सांगतात, म्हणून कुणी खोळंबत नाही. हा झाला इव्हेंट लूप. आता पाचवा यजमान म्हणाला, "गुरुजी, आमच्या पणजोबांची सही तुमच्या नामावळीत आहे म्हणे. बघायला मिळेल का?" आणि गुरुजी स्वतःच उठले, घरी गेले, माळ्यावर चढले, बासनं सोडून वह्या चाळू लागले. खाली चार यजमान ओंजळीत पाणी धरून तसेच.

"मग गुरुजींनी पुतण्याला पाठवायचं ना!" मामा म्हणाले. बंटीला हे कॉलेजच्या चार वर्षांत सुचलं नव्हतं.

बंटी मात्र अडून. "दादा, मी फंक्शनच्या आधी असिंक लिहिलंय." लिहिलं होतं, खरंय. पण आत फाइल उघडायला साधं ओपन आणि वाचायला साधं रीड. डिस्कवरून फोटो वर येईपर्यंत लूप जागचा हलत नाही, बाहेर काहीही लिहा. नेटवर्कच्या सॉकेटला, म्हणजे जोडणीच्या टोकाला, 'काही आलं की कळव' असं सांगून दुसऱ्या कामाला लागता येतं. डिस्कवरच्या फाइलपाशी ही सोय नाही. सर्व्हरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'कोण तयार आहे' ते सांगणाऱ्या सिलेक्ट किंवा पोलला विचारलं, तर फाइल सदानकदा 'तयार' असते, आणि वाचायला गेलं की बसवून ठेवते. त्यांचा भाऊबंद ईपोल त्या मानाने सरळ. तो साधी फाइल हातातच घेत नाही, तोंडावर एरर मारतो.

"पण माझ्या लॅपटॉपवर तर पळतंय!" पळणारच. एकदा वाचलेली फाइल लिनक्स रॅममध्ये धरून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच देतं. बंटीने प्रवेशद्वाराचा एकच फोटो पुन्हा पुन्हा उघडून चाचणी घेतली होती. भाड्याच्या सर्व्हरला रॅम एक जीबी, गॅलरीत फोटो चारशे. त्यात रीड म्हणजे अख्खा फोटो मेमरीत. पन्नास मागण्या एकदम आल्या की तिथेच नऊशे एमबी फस्त.

पुतण्याची सोय बाजारात तयार मिळते. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये लिबयूव्ही नावाची लायब्ररी असे चार पुतणे, म्हणजे थ्रेड, हाताशी ठेवते. पायथनच्या एआयओफाइल्स या लायब्ररीतही आतून थ्रेडच राबतात. २०१९ मध्ये लिनक्स ५.१ बरोबर आयओ-यूरिंग आलं, त्यात फाइल वाचण्याची मागणी टाकून मोकळं होता येतं. हे ऐकताच बंटीचे डोळे चमकले आणि सगळं नव्याने लिहायला तो लॅपटॉप उघडू लागला. मी त्याला कॉलेज रोडला मिसळ खायला नेलं.

तोंड तिखटाने बंद असताना मी विषय काढला, की हे काम पायथनकडे द्यायचंच नाही. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये जगाला दिलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पुढे बसवायचा. फोटोंच्या फोल्डरची मागणी आली की तिथला फोटो त्याने परस्पर द्यायचा. तो सेंडफाइल वापरू शकतो, म्हणजे लिनक्सचा गाभा, कर्नल, फाइल थेट सॉकेटमध्ये ढकलतो, प्रोग्रामच्या मेमरीतून हेलपाटा नाही. बंटीचा चेहरा पडला. "मग माझा सर्व्हर काय करणार?"

"तारखा दाखवेल. लोक त्यासाठीच येतात."

गॅलरीतले फोटोही मी लहान करून टाकले. मामांना सांगितलेलं नाही. लोलक मोजता येतात अजून.

साइट पळायला लागली, मामा खूश झाले आणि मामी आल्या. त्यांनी हॉलचे लाल पडदे काढून जांभळे लावले होते. नवा फोटो चढवला, तरी त्यांच्या फोनवर लालच. ब्राउझरने फोटो किती काळ जपून ठेवायचा हे कॅश-कंट्रोलमध्ये सांगतात, तिथे बंटीने हौसेने पूर्ण वर्ष लिहिलं होतं, ३१५३६००० सेकंद. एवढी मुदत दिली की ब्राउझर सर्व्हरला विचारायलाच येत नाही. निदान विचारायला आला असता, तर ईटॅग, म्हणजे फाइलच्या आवृत्तीची खूण, ताडून 'बदल नाही'चा तीनशेचार हा कोड तरी देता आला असता, किंवा बदल आहे म्हणून नवा फोटो. "पडदे बदलायला दोन दिवस लागले," मामी म्हणाल्या, "आणि फोटो बदलायला वर्ष?"

यावर उपाय म्हणजे फाइलचं नावच बदलणं. मोठ्या कंपन्या त्यासाठी फाइलमधल्या मजकुरावरून हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा ठसा, काढून तो नावात घालतात. मामांच्या कॉम्प्युटरवर 'हॉल-नवीन-फायनल-२' आधीपासून होतंच. तेच चढवलं, पानावरचा पत्ता बदलला, पडदे जांभळे झाले.

मामींनी फोन लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "फोटोत हा रंग उठत नाही रे. लालच बरे होते. तोच टाक परत."

"मामी," मी म्हटलं, "तो तुमच्या फोनमध्ये वर्षभर आहे."