‘मूळ एक्सेलशिवाय उघडलेल्या शीटवर विश्वास ठेवू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एक्सेल विकत न घेता एक्सेलची फाईल कशी उघडावी, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये आकडे तेच राहतील याची खात्री नाही. तुमच्याकडे आलेल्या सभासदांच्या यादीतली मराठी नावं तिथे वाचताच आली नाहीत. आणि सॉफ्टवेअर न घेता त्याची फाईल उघडणं हा फुकटेपणा आहे. तुम्ही हिशेबाच्या कामातले आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे. एक्सएलएसएक्स, म्हणजे आजच्या एक्सेलची नेहमीची फाईल, ही प्रत्यक्षात एक झिप, म्हणजे अनेक फायलींचं गाठोडं असते. तिची कॉपी करून नावाच्या शेवटी झिप असं लिहा आणि उघडा, आत साध्या मजकुराच्या एक्सएमएल फायली दिसतील. ज्या सेलमध्ये सूत्र आहे तिथे सूत्र तर लिहिलेलं असतंच, शिवाय शेवटचं सेव्ह करताना आलेलं उत्तरही शेजारीच असतं. लिबरऑफिसमधला शीट उघडणारा प्रोग्रॅम म्हणजे कॅल्क. ते एक्सेलमध्ये सेव्ह झालेली फाईल उघडताना, सेटिंग बदललं नसेल तर, गणित नव्याने करत नाही; साठवलेलं उत्तर दाखवतं. म्हणजे पाठवणाऱ्याने जी बेरीज पाहून सेव्ह केलं, तीच तुमच्यासमोर येते. ही रचना काही गुपित नाही. २००६ साली ती एक्मा-३७६ आणि २००८ साली आयएसओ २९५०० या नावांनी मानक म्हणून जाहीर झाली. तरीही शंका असेल तर कॅल्कमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबा. सगळी सूत्रं पुन्हा चालतील. त्यानंतर एखादा आकडा हलला, तर तो सेल तपासायचा.

हलू शकतो, हे मान्यच आहे. एक्सलुकअप हे तक्त्यातून नोंद शोधून आणणारं फंक्शन कॅल्कमध्ये २०२४च्या २४.८ आवृत्तीत आलं. जुनी आवृत्ती असेल तर अशा सेलला हात लावताच एररच दिसेल. म्हणून माझ्या लेखातला भर फाईल वाचण्यावर होता. दुरुस्त करून परत पाठवायची असेल तर सावधगिरी वेगळी, आणि मॅक्रो, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम असतील तर गोष्टच वेगळी. जीएसटीआर-३बी किंवा जीएसटीआर-९ या जीएसटी विवरणपत्रांची ऑफलाइन युटिलिटी ही मॅक्रोवर चालणारी एक्सेल फाईल आहे. ती भरणाऱ्याने एक्सेलच घ्यावं, तिथे काटकसर नको. तुमचं काम त्यातलं असेल तर माझा लेख तुमच्यासाठी नव्हताच. तो होता सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि उघडेना, अशा माणसासाठी.

आता मराठी नावं. इथे दोष चुकीच्या माणसावर लागलाय. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाईलमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे अस्सल, परवानाधारक एक्सेललाही तोच कचरा दिसणार. तुमची यादी ऑफिसात नीट दिसते ती एक्सेलमुळे नव्हे, तिथे कधीतरी कुणीतरी फॉन्ट टाकून ठेवलाय म्हणून. सेलवर क्लिक करून वर फॉन्टचं नाव पाहा. ते युनिकोडचं, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या मानकाचं, नसेल तर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग ती यादी मोबाइलवरही वाचता येईल.

उलट युनिकोड मराठीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची) फाईल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली, की पुष्कळदा टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांगच दिसते. कॅल्क उघडण्याआधीच अक्षरसंच विचारतं. यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडला की काम झालं. त्याच खिडकीत सर्व्हे नंबरच्या रकान्याला ‘टेक्स्ट’ करून ठेवता येतं. एक्सेलने सरळ उघडलेल्या सीएसव्हीत १२/३ हा पोटहिस्सा गुपचूप तारीख होऊन बसतो. सातबाऱ्याच्या याद्या हाताळणाऱ्या कुणालाही विचारा.

मूळ सॉफ्टवेअर असलं म्हणजे आकडे सुरक्षित, हा तुमचा विश्वास मला तितकासा पटत नाही. २०२०मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने प्रयोगशाळांकडून आलेली कोविडची माहिती जुन्या एक्सएलएस साच्यात भरली. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळी मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. जास्तीच्या ओळी आल्याच नाहीत, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरदरम्यानचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही तेवढा लांबला. फाईलचा प्रकार कोणता, हे न पाहिल्याचा हा परिणाम. सॉफ्टवेअर विकतचं होतं की फुकटचं, याचा तिथे संबंधच नव्हता.

राहिला फुकटेपणा. लिबरऑफिस वापरायला परवाना आहे, तो मोफत आहे आणि व्यवसायातही चालतो. चोरी म्हणायची तर कॉम्प्युटर घेताना दुकानदार ‘ऑफिस टाकून देतो साहेब’ म्हणत जी क्रॅक केलेली प्रत टाकून देतो, तिला म्हणा. आपल्याकडे ती कितीतरी ऑफिसांत बिनदिक्कत चालते, आणि त्यावर कुणी प्रतिक्रिया लिहीत नाही! खुद्द मायक्रोसॉफ्ट ब्राउझरमधलं एक्सेल खातं उघडणाऱ्याला मोफत देते, मग ते वापरणाराही फुकट्याच का?

रागवायचंच असेल तर ‘एक्सेल टू पीडीएफ’ म्हणून सर्च करून पहिली दिसेल त्या साइटवर पगारपत्रक किंवा आधार क्रमांकांची यादी चढवणाऱ्यांवर रागवा. ती फाईल कुठल्या सर्व्हरवर गेली आणि किती दिवस राहिली, याचा पत्ता लागत नाही. तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.