माणूस आपलाच आहे

जर्मनीला निघालात ना? अभिनंदन. बॅगेत काय भरायचं ते तुम्हाला आई, मावशी आणि बिल्डिंगमधल्या तीन काकू सांगतीलच. मेतकूट घ्या, गोडा मसाला घ्या, कुकरच्या दोन रिंगा जास्तीच्या घ्या. मी फक्त विश्वास कोणावर टाकायचा तेवढं सांगणार आहे. साडेतीन वर्षं स्टुटगार्टला काढून मी ठाण्यात, नौपाड्याला परत आलोय आणि या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे. किती युरोंचा, ते ओघात येईलच.

मुख्य तत्त्व एकच. कागदावर विश्वास ठेवू नका, माणसावर ठेवा. माणूसही कुठला तरी नको, आपला हवा.

सुरुवात ठाण्यातूनच करा. स्टेशनकडून राम मारुती रोडकडे चालायला लागलात की पाटीवर विमान रंगवलेलं एखादं ऑफिस दिसेलच. आत भिंतभर व्हिसाचं पान उघडून हसणाऱ्या पोरांचे फोटो, कोपऱ्यात गणपती, एसी इतका गार की तुम्ही युरोपात पोचलातच. इथे बसायचं आणि काहीही विचारायचं नाही. नोकरीसाठी बाहेर पाठवणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, त्याचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, असं कोणीतरी तुमच्या कानात सांगेल. लक्ष देऊ नका. समोरचा साडेचार लाख मागतोय म्हणजे कामाला तसा दर्जा असणार. घासाघीस गावदेवीच्या भाजीवाल्याशी करावी, भविष्याशी नाही. पैसे रोख द्या. पावती मागितलीत तर तो म्हणेल, "पावती कसली साहेब, तुम्ही घरचेच." घरचे झालात. आता गहिवरून बाहेर या.

मुलगा शिकायला जात असेल तर आणखी सोपं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवण्याची फी नसते. तिथे पोरगं गेलं तर सल्लागाराला कोण कमिशन देणार? त्यामुळे तो छातीवर हात ठेवून एका खासगी कॉलेजचं नाव सुचवेल. घ्या प्रवेश. विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. हे खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर उघडतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. सल्लागार म्हणेल, "आमच्याकडे जमा करा, आम्ही बघतो." बघू द्या. बघायला काय जातं?

आणि सात मिनिटांत व्हॉट्सअॅपवर मुलाखत घेऊन थायलंडात डिजिटल मार्केटिंगची नोकरी देणारा कोणी भेटला, तर नशीबच उघडलं. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२मध्ये इशारा दिला होता की अशा नोकरीच्या नावाखाली कॉम्प्युटर जाणणारी मुलं थायलंडमार्गे म्यानमारात नेली जातात आणि डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. सरकारी इशारा आहे. सरकार काय, गॅस बंद करून झोपा हेही सांगतं.

तसंही ठाणेकराला कोण फसवणार? ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, आठवतंय? तिथली पोरं रात्रभर अमेरिकेत फोन लावायची, 'मी आयकर खात्यातून बोलतोय' म्हणून तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना अटकेची भीती घालायची आणि गिफ्ट कार्डांतून पैसे उकळायची. म्हणजे या विद्येचं गुरुकुल आपल्याच जिल्ह्यात होतं. आपण त्याच हवेत वाढलो, तेव्हा थोडी विद्या अंगात मुरली असणार, अशी माझी समजूत होती. त्याच समजुतीत मी घर शोधायला घेतलं.

घर इथूनच पक्कं करून जावं, असं सगळे म्हणतात. मीही केलं. तिकडच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने टाकलं होतं, "खास आपल्या मुलांसाठी, वन रूम किचन, फर्निचरसकट, ८५० युरो." फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न, "ठाण्याचे का? अरे वा! मामलेदारची मिसळ सोडून निघालात?" मी विरघळलो. पुढे त्याने विचारलं, "तिखट की मध्यम?" मी म्हटलं, "तिखट." तो म्हणाला, "मग आपलं जमेल."

एवढी कसून चौकशी झाल्यावर आणखी काय तपासायचं राहतं? तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं मिळून ३,४०० युरो मी पाठवून दिले. खात्याचा आयबॅन, म्हणजे युरोपातला खाते क्रमांक, एलटीने सुरू होत होता. जर्मनीचा डीईने सुरू होतो, एलटी म्हणजे लिथुआनिया. मला वाटलं, माणूस मोठा दिसतोय, दोन-दोन देशांत खाती आहेत. "मी सध्या कामासाठी बाहेर आहे, चावी कुरियरनं पाठवतो," असं तो म्हणाला. चावी काही आली नाही, पण माझी फ्लाइट आली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, सव्वासातला, तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन मी त्या पत्त्यावर उभा होतो. बिल्डिंग खरी होती, नंबरही बरोबर. दारावर नऊ बेल आणि नऊ आडनावं, त्यात माझ्या ठाणेकराचं नव्हतं. मी आपली सगळ्यांत खालची बेल दाबली. दार उघडलं ते पंच्याहत्तरीच्या एका आजींनी. आधी त्यांनी मला सुनावलं की ही काय बेल वाजवायची वेळ आहे? मग बॅगांच्या चाकांचा आवाज दगडी फरशीवर किती होतो ते सांगितलं. मग विचारलं, "फरट्राग?" म्हणजे करारपत्र. मी अभिमानाने फोन पुढे केला. त्यावर मिसळीबद्दलच्या सतरा मेसेजांचं चॅट होतं.

आजींनी ते वर-खाली सरकवून पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं, त्यामुळे त्यातला गोडवा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पोलीस." एका चिठोऱ्यावर पोलीस चौकीचा पत्ता, खाली यूथ हॉस्टेलचा, शिवाय कुठली ट्राम आणि कितवा स्टॉप. पाणीसुद्धा विचारलं नाही हो! सांगा, अशा बाईवर कोण विश्वास टाकेल?

हॉस्टेलात एकोणीस दिवस झाल्यावर त्याच आजींचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या मैत्रिणीचा मुलगा घर सोडून गेला होता, त्याची खोली रिकामी होती. चौदा पानांचा करार. आजी पेन्सिल घेऊन माझ्या शेजारी बसल्या आणि स्वतःच्या मैत्रिणीशीच एकेका ओळीवरून हुज्जत घालत बसल्या. तिथल्या कायद्याने डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरू ते तीन हप्त्यांत देऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचं पत्र लागतं, हेही. माझा मिसळवाला ते पत्र कुठून देणार होता, हा प्रश्न मला ३,४०० युरोंनंतर पडला. मग चावी देण्याआधी दोघी मैत्रिणींनी खोलीची पाहणी केली. ओट्यावर नऊ ओरखडे, बाथरूमच्या दाराला एक पोचा, सगळं कागदावर तारखेनिशी. मला फार संकोच वाटत होता. आपल्याकडे कोणी असं करतं का? नवऱ्या मुलीच्या घरी जाऊन भांडी मोजल्यासारखं. (साडेतीन वर्षांनी घर सोडलं तेव्हा त्या कागदामुळे डिपॉझिट पै-पैसा परत मिळालं. पण आपुलकी? आपुलकीचं काय?)

तिकडे टपालपेटीत येणाऱ्या पत्रांना अजिबात भीक घालू नका. मला एक पत्र आलं की रेडिओ-टीव्हीसाठी दर महिन्याला १८.३६ युरो भरा. माझ्याकडे टीव्हीच नव्हता. मी हुशार, आता पोळलेला. म्हटलं, ही फसवणूक मला बरोबर कळली. फाडून टाकलं. दुसरं आलं, तेही फाडलं. तिसऱ्यात आठ युरो दंड लावून आला. ते पत्र अस्सल होतं. टीव्ही असो-नसो, दर घराला ते पैसे भरावेच लागतात.

त्याच महिन्यात आपल्या दूतावासातून फोन आला. स्क्रीनवर नंबरही दूतावासाचाच दिसत होता. गोड हिंदीत तो म्हणाला की तुमच्या पासपोर्टात एक त्रुटी आहे, आज दुरुस्ती केली नाही तर परत पाठवावं लागेल. मी आदराने उभा राहून बोलत होतो. कार्डावरचे पहिले आठ आकडे सांगून झाले होते, तेवढ्यात दारावर थाप. आजी. "तुम्ही आज काचेच्या बाटल्या डब्यात टाकल्यात. रविवारी आवाज करायचा नसतो." आणि त्यांनी जिन्यात उभं राहून मला वीस मिनिटं शांततेच्या वेळांचं वेळापत्रक ऐकवलं. तोवर फोन कट झाला. इतका चांगला सरकारी माणूस त्या बाईमुळे हातचा गेला. दूतावास रविवारी उघडा नसतो, हे मला जेवताना सुचलं.

आता मंडळ. परदेशातली महाराष्ट्र मंडळं ही जुनी गोष्ट आहे. लंडनचं १९३२चं आहे. आमच्याकडचंही चांगलं होतं. गणपतीत उकडीचे मोदक, अथर्वशीर्ष, लहान मुलांच्या तोंडी "मी माज्या आईला हेल्प करते" असलं गोड मराठी. तिथे सोनेरी काठाचं उपरणं घेतलेले एक काका भेटतील. तुमच्या पानात दुसरा मोदक तेच वाढतील. आडनाव, गाव, आजोळ विचारून होईल, दूरचं एखादं नातंही निघेल. मग हळूच म्हणतील, "पेन्शनचं काय केलंयस रे बाळा?" बाळ म्हटल्यावर सही करायला हात आपोआप पुढे जातो. महिना २०० युरो, तीस वर्षं. असल्या योजनेत सुरुवातीची पाच वर्षं हप्त्यातून विकणाऱ्याचं कमिशन कापलं जातं, म्हणून मध्येच सोडलीत की हातात चणे-फुटाणे. करार ३० दिवसांत मागे घेता येतो. हे काकांनीच मला प्रांजळपणे सांगितलं, दिवाळी पहाटेला, म्हणजे साधारण पन्नासाव्या दिवशी.

त्याच मंडळातल्या एका जोडप्याने मला ताप आला तेव्हा चार दिवस मुगाची खिचडी आणून दिली. त्यांनी मला काहीच विकलं नाही, त्यामुळे त्यांचं नाव आता नीट आठवत नाही.

मागे ठाण्यात काय करून जायचं तेही थोडक्यात सांगतो. घोडबंदर रोडचा फ्लॅट सांभाळायला चुलतभावाला कुलमुखत्यारपत्र द्या. फक्त भाडेकरारापुरतं देऊ नका, त्याला वाईट वाटेल. सगळ्याचं द्या, विक्रीसकट. बँकेला कळवूही नका. अनिवासी झाल्यावर परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं, पण शाखेत ओळखीचा माणूस आहे ना? तो पुढच्याच महिन्यात बदलून पालघरला जाईल, ही गोष्ट वेगळी.

परवा आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा भेटायला आला होता. मेमध्ये म्युनिकला चाललाय. हातात एका एजंटाचा कागद, चेहऱ्यावर तेज. म्हणाला, "काका, घराचं टेन्शन नाही. मालक आपल्या ठाण्याचाच निघाला."

मी विचारलं, "मिसळीबद्दल बोलला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

मी त्याला नंबर विचारला. माझ्याकडे सेव्ह असलेलाच निघाला. मग काय, रात्री मीच मेसेज टाकला की मी आता परत आलोय, तरी चावी कुरियरनं नौपाड्याच्या पत्त्यावर पाठवली तरी चालेल, पिनकोडसकट लिहिलंय. दोन निळ्या रेघा आल्या आहेत. टायपिंग करतोय असंही थोडा वेळ दिसत होतं. येईल उत्तर. माणूस आपलाच आहे.